नकाशात न उमटणारी उष्णता

वणीच्या भोवतालच्या खाणींतून निघणारा कोळसा वाघिणींतून आणि मालमोटारींतून औष्णिक वीजकेंद्रांकडे रवाना होतो. शेजारच्या चंद्रपूर केंद्राचीच स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. जळणाऱ्या कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागाची वीज होते. उरलेली उष्णता धुराड्यांतून आणि शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. ही वीज मग तारांवरून, वाटेत थोडी गळती सोशीत, खाणींच्या मुलखात परत येते आणि एप्रिल-मे महिन्यांत घराघरांत प्रामुख्याने एकाच कामी लागते. दिवसभर तापलेल्या घरातील उष्णता बाहेर घालविणे, हे ते काम. जमिनीखालची उष्णता उकरून काढायची, तिचे दोन भाग हवेत सोडायचे आणि तिसऱ्या भागाने घरातली उष्णता उपसायची, असा हा व्यवहार आहे. ती उष्णता घरात मुळी शिरूच दिली नसती तर किती कोळसा वाचला असता, हा प्रश्न घर बांधताना कोणी विचारीत नाही. घराचे अंदाजपत्रक होते. त्यात सिमेंट, लोखंड, रेती, विटा, सेंट्रिंग यांचा पै-पैचा हिशेब असतो. पुढची चाळीस वर्षे जो खर्च दरमहा करावा लागणार, त्याचा मात्र त्यात रकानाच नसतो.

हा रकाना भरता येईल असे साधन आज उपलब्ध आहे. इंग्रजीत त्याला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणतात. व्यवहारात ‘बिम’ हे लघुरूप रूढ झाले आहे. हे साधन विदर्भाला अपरिचित नाही. नागपूर मेट्रोच्या उभारणीत ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि त्याचा गाजावाजाही झाला. लांबी, रुंदी, उंची या तीन मितींना काळ आणि पैसा या आणखी दोन मिती जोडून कोणता खांब केव्हा उभा राहील आणि त्याला किती खर्च येईल, हे संगणकातील एकाच प्रतिमानात पाहण्याची सोय तेथे करण्यात आली होती. मार्च २०१९ मध्ये त्या मेट्रोची प्रवासी वाहतूक सुरू झाली. परंतु मेट्रोच्या स्थानकाला जो न्याय मिळाला तो वणीतील साडेआठशे चौरस फुटांच्या घराला का मिळू नये, हा विचार अजून रुजलेला नाही.

रेषा आणि भिंत

नेहमीच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. त्या रेषांमध्ये वीट आहे की सिमेंटचा पोकळ ठोकळा, भिंतीच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर आहे की काय, हे नकाशाला ठाऊक नसते. ते वाचणाऱ्याने मनाशी जाणायचे. बिमच्या प्रतिमानात भिंत ही एक वस्तू असते. तिची जाडी, तिचे थर, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, तिच्यात किती खिडक्या आहेत आणि त्यांच्यावर छज्जा किती पुढे आला आहे, ही सर्व माहिती त्या वस्तूला चिकटलेली असते. खिडकी एक हात सरकविली की भिंतीचे क्षेत्रफळ, विटांची संख्या आणि खोलीतला उजेड या सर्वांचे आकडे आपोआप बदलतात. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकन संशोधकाने ही कल्पना १९७० च्या दशकाच्या मध्यास मांडली. तेव्हाच्या संगणकांना ती पेलणारी नव्हती. आज ती साध्या मेजसंगणकालाही झेपते.

कमी ऊर्जेच्या घरांचे शास्त्र मात्र याच्याशी संबंध न येता स्वतंत्रपणे वाढले. जर्मनीतील डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये चार घरांची एक ओळ उभी राहिली. वर्षभरात घर उबदार ठेवण्यासाठी दर चौरस मीटरला १५ युनिटांपेक्षा अधिक उष्णता लागू नये, अशी कसोटी पुढे या पद्धतीच्या घरांसाठी ठरली. तिच्या प्रवर्तकांनी १९९८ मध्ये गणनेचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. ते संगणकावरील हिशेबाच्या वहीसारखे आहे. भिंतीचे क्षेत्रफळ, तिच्यातून उष्णता वाहण्याचा गुणांक, खिडकीची दिशा असे आकडे त्यात भरायचे आणि खाली बेरीज पाहायची. यात जादू काहीच नाही. कंटाळवाणी गोष्ट एवढीच की, हे शेकडो आकडे नकाशावरून हाताने मोजून उतरवावे लागत. आणि नकाशा बदलला की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. परिणामी हिशेब नेहमी उशिरा होई, घराचा आराखडा ठरून गेल्यावर. बिमची खरी उपयुक्तता येथे आहे. मोजमापे प्रतिमानात असतातच. ती कोष्टकाने उचलायची. मग पश्चिमेची खिडकी उत्तरेला नेली तर काय होईल, हे विचारायला दिवस न लागता काही क्षण लागतात. मालकाचे मन आणि नकाशा या दोन्ही गोष्टी अजून लवचीक असतानाच उत्तर हाती येते.

युरोपातील घराला उष्णता आत राखायची असते, वणीतील घराला ती बाहेर. मे महिन्यात या टापूत पारा ४५ अंशांच्या आसपास आणि कधी त्याच्याही पुढे जातो. गणिताचे नियम मात्र तेच राहतात.

एका छताचा हिशेब

वणीतील नव्या वस्त्यांमधले एक सर्वसाधारण घर घ्यावे. एक मजला, ८० चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे साडेआठशे चौरस फुटांचे सपाट छत, सहा इंची काँक्रीटची स्लॅब. अशा उघड्या स्लॅबचा उष्णता पार करण्याचा गुणांक, ज्याला तंत्रज्ञ ‘यू-मूल्य’ म्हणतात, ३.३ च्या घरात येतो. याचा अर्थ असा की, वर आणि खाली एका अंशाचा फरक असला तर दर चौरस मीटरमधून ३.३ वॅट उष्णता आत येते. मे महिन्यातील दुपारी हवा ४४ अंश असली, तरी करड्या सिमेंटच्या छतावर ऊन पडल्यामुळे त्याच्या वरच्या अंगाला जणू ६५ अंशांची हवा लागत असते. खोली ३५ अंशांवर ठेवायची म्हटली तर फरक ३० अंशांचा. गुणाकार केला की दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट आणि साऱ्या छतातून आठ किलोवॅट उष्णता घरात उतरते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र जेवढी उष्णता बाहेर काढते तिच्या दीडपट हा आकडा आहे. अशी उष्णता यंत्राने उपसायची तर तासाला सव्वादोन ते अडीच युनिटे वीज लागेल. आपल्याकडील औष्णिक केंद्रांत एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो, हे ध्यानात घेतले तर केवळ एका छतापायी तासाला दीड किलोहून अधिक कोळसा खर्ची पडतो.

आता याच छताला चुन्याची सफेदी दिली असे समजू. चुना बाहेरून आणण्याचे कारण नाही. वणीजवळचे राजूर चुनाभट्ट्यांसाठी प्रसिद्धच आहे. पांढऱ्या छतावरचे ६५ अंश ५३ पर्यंत खाली येऊ शकतात आणि आठ किलोवॅटचे पावणेपाच होतात. सफेदीऐवजी स्लॅबवर उष्णतारोधक पदार्थाचा अवघा दोन सेंटिमीटर जाडीचा थर दिला, तर यू-मूल्य १.२ पर्यंत उतरते आणि आठाचे तीन होतात. दोन्ही केले तर दोनाच्याही आत. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. स्लॅब उष्णता साठवून ठेवते आणि रात्री दहा वाजता ती खाली सोडते, हे त्यात धरलेले नाही. स्लॅबच्या घरात उन्हाळ्यातली रात्र काढलेल्या कोणालाही ही गोष्ट गणिताविना ठाऊक आहे. म्हणूनच खरा हिशेब वर्षाच्या ८७६० तासांपैकी प्रत्येक तासाचा करावा लागतो. ‘एनर्जीप्लस’ ही अशी संगणकप्रणाली २००१ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, आणि नागपूरच्या हवामानाच्या तासागणिक नोंदीही तिला पुरविता येतात. वणीचे हवामान नागपूरच्या हवामानाहून फार निराळे नाही.

येथे जुन्या घरांचे गोडवे गाण्याचा मोह होतो. जाड मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर, पुढे ओसरी. सेवाग्रामची बापू कुटी पाहून आलेला प्रत्येक जण हे बोलतो. ती घरे थंड असत यात शंका नाही. परंतु त्यांची दरवर्षी शाकारणी करावी लागे, भिंतींना वाळवी लागे आणि पावसाळ्यात छप्पर गळे. लोकांनी स्लॅब स्वीकारली ती मूर्खपणाने नव्हे. स्लॅब घातली म्हणजे पुढे दुसरा मजला चढविता येतो आणि मुलाच्या लग्नाच्या वेळी घर पुरे पडते. ज्याला सिमेंटचे घर हवे आहे त्याला मातीचे घर बांधण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे. सिमेंटचे घर निदान भट्टी होऊ नये, एवढे सांगता आले तरी पुष्कळ झाले.

प्रतिमानाच्या मर्यादा

संगणकाने काढलेल्या आकड्यापुढे सुशिक्षितही चटकन नमतात. तेव्हा या साधनाची दुखणीही सांगितली पाहिजेत. नकाशासाठी तयार केलेले प्रतिमान उष्णतेच्या हिशेबासाठी जसेच्या तसे चालतेच असे नाही. दोन भिंतींच्या कोपऱ्यात काही मिलिमीटरची फट राहिली तर डोळ्याला ती दिसत नाही, पण गणना करणारी प्रणाली ती खोली आकाशाला उघडी समजते. भिंतीचे माप आतून घ्यायचे की बाहेरून, यावर निरनिराळ्या कोष्टकांचे मत निरनिराळे आहे. छोट्या घरात तेवढ्यानेच उत्तरात मोठा फरक पडतो. विटांच्या भिंतीत काँक्रीटचे खांब आणि तुळया असतात, छज्जा तर स्लॅबचाच पुढे आलेला भाग असतो. या वाटांनी उष्णता आत झिरपते आणि प्रतिमानात ती वेगळी दाखविली नाही तर सुटून जाते. एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेण्यासाठी ‘आयएफसी’सारख्या सामाईक लिपी ठरल्या आहेत; तरीही या प्रवासात भिंतीचे थर हरवतात आणि खिडकीची काच कोणती हे विसरले जाते. सजावटीसकट रंगविलेल्या प्रतिमानापेक्षा उष्णतेपुरते बेतलेले साधे, ठोकळेवजा प्रतिमान अधिक विश्वासार्ह ठरते, हा जाणकारांचा अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याहून मोठी अडचण संगणकाबाहेर आहे. गणिताला माणसाची सवय ठाऊक नसते. खिडक्या रात्रभर उघड्या राहतील आणि गार वाऱ्याने भिंती निवतील, असे गृहीत धरले की उत्तर फार छान येते. परंतु कोळशाच्या मालमोटारी ज्या रस्त्याने जातात, त्या रस्त्यावरच्या घरात रात्री खिडकी उघडी ठेवली तर सकाळी अंथरुणावर काळी पूड सापडते. डास आणि चोर यांचा विचार वेगळाच. चुन्याने पांढरे केलेले छतही त्या धुळीने वर्षभरात काळवंडते, म्हणजे सफेदी दरवर्षी करावी लागणार. वणीतल्या घराचा हिशेब करणाऱ्याने या गोष्टी प्रतिमानात घातल्या नाहीत, तर त्याचे उत्तर नागपूरच्या वातानुकूलित कचेरीतच खरे ठरेल.

हिशेबाचे पैसे कोणी द्यायचे?

एवढे असूनही मुख्य अडसर तंत्राचा नाही. घर उभे करणाऱ्या साखळीतील एकाही माणसाला या हिशेबाचा मोबदला मिळत नाही, हा आहे. ठेकेदाराचा दर चौरस फुटावर ठरतो. छतावर दोन सेंटिमीटरचा थर वाढला तर त्याचा नफा तेवढा कमी होतो. नकाशा काढणाऱ्याला नकाशाचे पैसे मिळतात, नंतर येणाऱ्या विजेच्या देयकाशी त्याचा संबंध नसतो. बिमच्या नामांकित परदेशी प्रणालींचे वार्षिक भाडे पाहिले तर लहान गावातील अभियंत्याला एका घराच्या नकाशासाठी मिळणारे शुल्क त्यात सहज बुडेल. ‘फ्रीकॅड’सारख्या विनामूल्य प्रणाली आहेत, पण त्या शिकण्यात घालवावे लागणारे महिने विनामूल्य नसतात. बँक कर्ज देताना घराची किंमत पाहते आणि कर्जदाराचा पगार पाहते. दरमहा विजेपायी त्या पगारातून किती जाईल, हे कोणी विचारीत नाही. एरवी कर्जाचा हप्ता फेडण्याच्या ऐपतीशी त्या आकड्याचा संबंध अगदी सरळ आहे.

भाड्याच्या घरात ही विसंगती टोकाला जाते. बदलीवर आलेला शिक्षक किंवा कारकून ज्या घरात राहतो ते त्याने बांधलेले नसते. थर द्यायचा मालकाने आणि बचत व्हायची भाडेकरूची, अशी स्थिती असल्यावर मालक तो थर का देईल? दोन घरांची भाडी सारखी असतील आणि एकाचे उन्हाळ्यातले देयक दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर हे भाडेकरूला कळते ते मे महिन्यात, सामान लावून झाल्यावर. शीतकपाटावर आणि वातानुकूलन यंत्रावर ताऱ्यांची चिठ्ठी लावल्याशिवाय ते विकता येत नाही. घर मात्र चिठ्ठीविना भाड्याने देता येते. घरांसाठीही तारांकनाची योजना केंद्राने आणली आहे, पण ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक चिठ्ठी वाईट घराचा मालक स्वतःहून लावणार नाही, हे उघड आहे.

अर्थशास्त्राचे विद्यार्थी येथे जेव्हन्सचे नाव घेतील. १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाविषयी लिहिताना त्याने दाखवून दिले होते की, यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो. कारण वापर स्वस्त होतो. आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही. गार राहणारे घर मिळाले की माणूस ते आणखी थोडे गार करील. परंतु आज ज्या घरात पंखा गरम वारा फेकतो आणि म्हातारी माणसे दुपारी ओले फडके अंगावर घेऊन पडून राहतात, त्या घरातला हा ‘वाढीव वापर’ उधळपट्टीच्या खात्यात टाकता येत नाही. तेथे बचत कोळशाच्या रूपाने दिसली नाही तरी झोपेच्या आणि प्रकृतीच्या रूपाने दिसेल.

नियमांच्या जाळीतून सुटलेले घर

कायदा नाही असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे आणि भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी आपल्याकडच्या हवामानात दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत असावी, असे तिचे दोन प्रमुख दंडक आहेत. खिडक्यांचा उघडणारा भाग खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या अमुक टक्के असावा, हेही तीत आहे. दंडक शहाणपणाचे आहेत, आणि मुख्य म्हणजे साध्या गुणाकार-बेरजेने तपासता येण्याजोगे आहेत. परंतु संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या, त्या १०० किलोवॅट वा त्याहून अधिक वीजभार असलेल्या. ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना आहे. इकडे महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने १५० आणि ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील घरांना परवानगीची पद्धत सोपी करून दिली. ती सवलत योग्यच होती. लहान माणसाच्या खेपा वाचल्या. पण या सर्व मर्यादा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या तर वणीतील सर्वसामान्य घर प्रत्येक जाळीतून अलगद निसटते. उष्णतेचा हिशेब बहुमजली संकुलांसाठी राखून ठेवलेला, आणि संकुलात वरच्या मजल्याखेरीज कोणाच्या डोक्यावर तापणारे छत नसते. एकमजली घराचे सर्वस्व छतात आहे, आणि तेच घर मोकळे सुटले आहे.

मर्यादा खाली आणून प्रत्येक लहान घरबांधणाऱ्याला नवा दाखला आणायला लावणे हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. त्यातून दाखले विकणारे तेवढे निर्माण होतील. लहान घरांचे वैशिष्ट्य असे की ती एकमेकांसारखी असतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे आणि सपाट प्रदेशात त्यासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविले गेले. अशी घरकुले एकेका तालुक्यात शेकड्यांनी उभी राहतात, पुष्कळशी एकाच साच्यातून काढल्यासारखी. त्या साच्याचे प्रतिमान एकदा नीट करून, चार दिशांना तोंड करून, दोन-तीन प्रकारच्या छतांनिशी तासागणिक हिशेब काढला तर त्याचा खर्च हजारो घरांवर विभागून नगण्य होतो. शहरातील वस्त्यांचेही तसेच आहे: भूखंड ठरावीक आकाराचे, रस्ता एका बाजूला, घरांचे पाच-सात नमुने. छतावर सौरपट्ट्या बसविणाऱ्यास केंद्राने २०२४ मध्ये सुरू केलेल्या योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. वीज निर्माण करण्याला एवढे साहाय्य मिळते. तीच वीज न लागू देणाऱ्या छताच्या थराला असे अनुदान नाही, आणि नमुन्यांच्या हिशेबाला तर त्याचा शतांशही पुरे.

हे काम यवतमाळ-चंद्रपूरच्या तंत्रनिकेतनांतील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना नेमून देता येईल. त्यांना तसाही प्रकल्प करावाच लागतो, आणि पुष्कळदा तो मागच्या वर्षाच्या वहीवरून उतरविलेला असतो. त्यांनी वणीतील पाच-सात नमुन्यांच्या घरांची प्रतिमाने करावीत, उन्हाळ्यात त्यांपैकी काही घरांच्या छताखाली तापमापक लावून उत्तरे पडताळून पाहावीत आणि चुकलेली गृहीतके दुरुस्त करावीत. नगरपालिकेने त्यातून निघालेला एक पानी तक्ता नकाशासोबत अर्जदाराच्या हाती द्यावा. पूर्व-पश्चिमेच्या भिंतीत खिडकी किती, छज्जा किती, उघड्या स्लॅबवर मे महिन्यात किती युनिटे जातील, सफेदी केल्यास किती आणि थर दिल्यास किती, एवढे आकडे त्यात असले की पुरे. सक्ती नको. घरभाड्याच्या करारात छत कोणत्या प्रकारचे आहे, याची एक ओळ लिहिण्याची प्रथा मात्र पडावी. भाडेकरूला ती ओळ आणि तो तक्ता शेजारी ठेवून भाडे ठरविता येईल. थर नसलेल्या घराचे भाडे त्या हिशेबाने शंभर-दोनशे रुपयांनी घसरले, तर पुढच्या उन्हाळ्याआधी घरमालक स्वतःच राजूरचा चुना आणायला जाईल.